सत्काराचा नारळ

टेंडर हुकल्यावर ठेकेदाराने काय करावं, हे आमच्या चिखली तालुक्यात सगळ्यांना माहीत असतं. चहावाल्याला माहीत असतं, सलूनवाल्याला माहीत असतं, ज्याने जन्मात वीट उचलली नाही त्याला तर जरा जास्तच. मला मात्र माहीत नव्हतं, आणि टेंडर माझं हुकलं होतं.

काम तसं मोठं नव्हतं. अमडापूरच्या पुढे एक गाव आहे, गावाच्या अलीकडे नाला आहे, आणि त्या नाल्यावर पूल बांधायचा होता. असले पूल मी आधीही बांधलेत आणि असली टेंडरं आधीही हुकलीत. हुकलं की माणूस चार दिवस घरात चिडचिड करतो आणि पुढचं भरतो. पण ते गाव माझी सासुरवाडी. आणि या पुलाबद्दल त्या गावात माझा सत्कार होऊन गेला होता.

हे जरा मागून सांगायला पाहिजे.

मी बायकोला पाहायला गेलो तेव्हा पावसाळा होता आणि नाला भरून वाहत होता. वडील, काका आणि मी अलीकडच्या काठावर छत्र्या धरून उभे. होणारे सासरे पलीकडच्या काठावर छत्री धरून उभे. दोन्हीकडून हात जोडून झाले. त्यानंतर बराच वेळ कोणालाच काही करण्यासारखं नव्हतं. पाणी उतरल्यावर आम्ही पँटी दुमडून पलीकडे गेलो आणि ओल्या पायांनीच पोहे खायला बसलो. काकांनी मुलीला शिक्षण विचारलं. ती म्हणाली, "सातवी." पुढे का नाही शिकलीस, असं काकांनी विचारलं तर म्हणाली, "पुढची शाळा तिकडं हाये. मधात नाला. आताच तं पाह्यला तुमी."

तक्रार अशी नव्हती तिच्या आवाजात. कोणी पत्ता विचारला तर सांगतो, तसं तिने सांगितलं.

मी तेव्हा एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. बूट भिजल्याचा राग होता आणि मुलगी पसंत पडली होती. या दोन्हींच्या भरात मी म्हणालो, "मी ठेकेदार झालो की इथं पूल बांधून देतो." वडील हसले, काका हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी ते देण्याघेण्याच्या बोलण्यात धरून टाकलं.

पुढे मी ठेकेदार झालो, पण पूल काही मंजूर होईना. दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो, आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलावतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे करून वाढतात आणि ताटात दिवे लावतात. दर धोंड्याला सासरे ताट पुढे सरकवायचे आणि विचारायचे, "जवाईबुवा, पुलाचं कुठवर आलं?" मी म्हणायचो, "चालू आहे." पेटलेले दिवे समोर असताना माणसाला याहून सविस्तर बोलता येत नाही. असं करता करता माझी मुलं मोठी झाली, मेव्हण्याची मुलगी नववीला आली, आणि तीही पावसाळ्यात नाल्याचं पाणी बघून शाळेचं ठरवायला लागली.

मग एकदाचा पूल मंजूर झाला आणि टेंडर निघालं.

आता टेंडर कॉम्प्युटरवर असतं, पण आम्ही अजून लिफाफेच म्हणतो. लिफाफे दोन. पहिला कागदपत्रांचा, दुसरा भावाचा. आधी पहिला उघडतात. ज्याचे कागद नीट, तो पास. मग पास झालेल्यांचे दुसरे लिफाफे उघडतात आणि ज्याचा भाव सगळ्यांत कमी, त्याला काम. माझे कागद नीट होते. पहिला लिफाफा उघडला त्या दिवशी मेव्हणा माझ्याच शेजारी बसून मोबाइलमध्ये डोकावत होता. त्याने माझ्या नावापुढे पास लिहिलेलं पाहिलं आणि तिथूनच गावात फोन लावला. बाकीच्या ठेकेदारांच्या नावांपुढेही तेच लिहिलं होतं, पण ते त्याच्या नात्यातले नव्हते.

दोन दिवसांनी आम्हा दोघांना बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर स्टँडवर फ्लेक्स. त्यावर माझा हात जोडलेला फोटो आणि खाली, पुलाचं काम खेचून आणल्याबद्दल आमच्या लाडक्या जावयांचं हार्दिक अभिनंदन. मारुतीच्या पारावर खुर्च्या मांडल्या होत्या. सरपंचांनी शाल घेतली, मी वाकलो. शाल खांद्यावर पडत असताना दुसऱ्या लिफाफ्याचा विषय काढणं बरं दिसत नाही. मग सासरे बोलायला उठले. त्यांना भाषणाची सवय नाही. ते म्हणाले, "यायनं लगनात शब्द देल्ला होता. लोक मले हासत होते. मी म्हनो, थांबा." एवढं बोलून ते खाली बसले आणि उपरण्याने तोंड पुसायला लागले.

मला भरून आलं. हा पूल आपल्याच हातून झाला पाहिजे, फायदा नाही सुटला तरी चालेल, असं मी त्या खुर्चीवर ठरवलं. भाव तर आधीच भरून झाला होता, त्यात काही बदलता येत नव्हतं. तरी ठरवलं.

सत्काराचा नारळ सासऱ्यांनी बायकोच्या हातात दिला. "भूमिपूजनाले हाच फोडजा," म्हणाले. तिने तो घरी आणून देवघरात ठेवला.

पुढच्या आठवड्यात दुसरा लिफाफा उघडला. मेहकरच्या एका पोराने सरकारी अंदाजपत्रकाच्या इतक्या खाली भाव भरला होता की मी मोबाइल आडवा करून पाहिला. आकडा आडवाही तेवढाच होता.

मग सुरू झाले सल्ले. चहाच्या टपरीवर एक म्हणाला, तक्रार टाक. दुसरा म्हणाला, तक्रार नको, माहितीचा अधिकार टाक. तिसऱ्याने कोर्टाचं सुचवलं, आणि त्याच्या ओळखीचा वकीलही सुचवला. एका जुन्या ठेकेदाराने बाजूला घेऊन समजावलं, "गपचूप त्या पोराकडं जा अन् पेटीवर घे काम." म्हणजे काम त्याच्या नावावर, बांधायचं मी, आणि मधले पैसे त्याचे. मी म्हणालो, तो इतक्या खाली गेला आहे की त्याच्या पेटीत मला बसायला जागा नाही.

ऑफिसातही जाऊन आलो. साहेबांना विचारलं, "साहेब, माझं काय चुकलं?" साहेब चांगले होते. त्यांनी कागद उघडले, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही. तुमचा भाव जास्त होता." मी आभार मानले. जिन्यावरून उतरताना मला राग आला, पण तो कोणावर काढावा हे ठरेना.

मग मी स्वतःच एक उपाय काढला. भेटेल त्याला सांगायला लागलो की हे पोरगं पळून जाणार. एवढ्या भावात पाया सुद्धा निघत नाही. अर्ध्यात सोडून पळेल, काम पुन्हा निघेल आणि तेव्हा मी आहेच. चिखलीत सांगितलं, अमडापुरात बाजाराच्या दिवशी सांगितलं. सांगता सांगता मला स्वतःलाही पटलं आणि झोप लागायला लागली.

भूमिपूजनाचं बोलावणं सासऱ्यांकडूनच आलं. मला त्या दिवशी नांदुऱ्याला अत्यंत महत्त्वाचं काम निघालं. मी खरंच नांदुऱ्याला गेलो, खोटं बोलायला नको म्हणून. स्टेशनवर बाकावर बसून चहा घेतला, एक मालगाडी गेली, ती पाहिली, आणि परत आलो. देवघरात नारळ होताच. दिवा लावताना तो दिसायचा. बायको तो काढत नव्हती. एकदा मी तो हलवून पाहिला तर आतून खुळखुळ आवाज आला. खावा म्हटलं तर सत्काराचा, टाकावा म्हटलं तर देवघरातला.

सासुरवाडीला जाणं मी बंद केलं. बातम्या मात्र मेव्हण्याकडून येत होत्या. फ्लेक्स स्टँडवरून काढला होता. सासऱ्यांनी तो घरी नेला आणि कुटाराच्या, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याच्या, गंजीवर अंथरला, चांगला जाड होता म्हणून. "रस्त्यावरून तुमचं तोंड दिसते," मेव्हणा म्हणाला. पायाही निघाला होता. खांब वर आले होते. पोरगं काही पळत नव्हतं.

तशात उन्हाळ्यात धोंड्याचा महिना लागला. सासऱ्यांचा फोन आला, "जवाईबुवा, येजा. नांदुऱ्याचं काम झालं असन आता." जावं लागलं. इस्त्रीचा पांढरा पायजमा-सदरा घातला, बायकोला जीपमध्ये बसवलं. तिच्या मांडीवर पिशवी होती, त्यात काय आहे हे मी विचारलं नाही.

नाल्यापाशी आलो तर जत्रा भरल्यासारखी माणसं. त्याच दिवशी पुलाचा स्लॅब होता. सेंट्रिंग ठोकून झालेलं, वर लोखंडाची जाळी बांधलेली, मिक्सर पोटात खडी घेऊन तयार, स्लॅबची टोळी घमेली घेऊन सावलीत बसलेली. आणि सगळं बंद. मी जीप थांबवली. बाजूला सिमेंटच्या गोण्यांची थप्पी होती आणि तिच्यावर फ्लेक्स झाकला होता. फ्लेक्सवरून मी हात जोडून आभाळाकडे पाहत होतो. ढग आल्यावर पोराने गावात ताडपत्री मागितली असणार, आणि सासऱ्यांनी गंजीवरचा मला काढून दिला असणार.

ते मेहकरचं पोरगं पहिल्यांदाच समोर आलं. बारीक, उन्हाने करपलेलं, कानावर बिडी खोचलेलं. मिक्सरवर धोतरातला एक म्हातारा बसला होता, तो त्याचा बाप. जाळी बांधणारा भाऊ. इतक्या खाली जायला कसं परवडलं ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. त्याने घरच कामाला लावलं होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "व्हायब्रेटर जळालं. अमडापूरले माणूस धाडला होता, नाही भेटलं."

व्हायब्रेटर म्हणजे ओतलेल्या काँक्रीटला हलवून बसवायचं यंत्र. ते नसेल तर स्लॅब आत पोकळ राहतो. त्याशिवाय ओतणं म्हणजे पुढेमागे कोणाच्या तरी जिवाशी खेळ. आणि थांबावं तर टोळी दुसऱ्या दिवशी मेहकरला जाणार होती. ती परत कधी येईल याचा नेम नाही. तोवर नाल्याला पाणी आलं की खालचे टेकू, पाट्या, सगळं सेंट्रिंग वाहून जाणार. मग पूल गेला पुढच्या वर्षावर, आणि पोरगं बुडालं.

म्हणजे माझं म्हणणं खरं होत होतं. तालुकाभर सांगत होतो ते आता समोर घडत होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगला पोटातून झाला.

पोराने मला यंत्र मागितलं नाही. त्याला माहीत होतं मी कोण, आणि त्याच्याबद्दल काय सांगत फिरतो तेही माहीत असणार. सासरे तिथेच होते, त्यांनीही मागितलं नाही. ते नुसते म्हणाले, "आज जेवाले उशीर होईन वाट्टे. या लोकायचा सयपाक बी आपल्याच घरी हाये." स्लॅबच्या दिवशी टोळीला गोड जेवण द्यायची पद्धत असते. त्यांनी ते जावयाच्या धोंड्यातच उरकायचं ठरवलं होतं. मला कोणीतरी मागावं असं वाटत होतं, म्हणजे मला नाही म्हणता आलं असतं.

बायको जाळीकडे पाहत होती. अलीकडच्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत. तिने मान न वळवता विचारलं, "आपलं यंत्र कुठी हाये?"

"गोदामात."

"काय करून राह्यलं तिथं?"

"काही नाही."

"मंग?" ती म्हणाली.

मी जीप वळवली. चिखलीला जाऊन गोदाम उघडलं, यंत्र टाकलं, डिझेल घेतलं आणि आलो. येताना सगळा रस्ता स्वतःला शिव्या दिल्या. पांढऱ्या पायजम्याला ग्रीस लागलं ते वेगळंच.

परत आलो तेव्हा टोळी उठून उभी होती. मी यंत्र उतरवलं आणि फुकटची दया दाखवतोय असं वाटू नये म्हणून कडक आवाजात पोराला म्हणालो, "संध्याकाळी धुऊन द्यायचं."

"हाव, भाऊ," तो म्हणाला. एवढंच म्हणून तो टोळीकडे वळला. बरं केलं.

स्लॅब ओतायच्या आधी नारळ फोडतात. पोराने आपला नारळ हातात घेतलाच होता. तेवढ्यात बायकोने पिशवीत हात घातला आणि देवघरातला तो नारळ काढला. हिने हे आणलं होतं तर. मला वाटलं, बरोबर आहे, निदान तेवढा मान तरी आपला. मी सदरा खाली ओढला आणि हात पुढे केला.

ती माझ्या समोरून गेली आणि नारळ पोराच्या हातात दिला. म्हणाली, "हा फोडा. हा याच पुलाचा हाये."

माझा हात पुढेच राहिला होता. मग मी तो व्हायब्रेटरवर ठेवला, यंत्र तपासतोय असा. पोरगं एकदा नारळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होतं. फ्लेक्स त्याने रोजच पाहिला होता, त्यामुळे नारळ कुठला हे त्याला कळायला वेळ लागला नाही.

"फोडू का, भाऊ?"

"फोड," मी म्हणालो.

इतके महिने घरात राहून नारळ आतून सुकला होता, अख्खा गोटा निघाला. धोतरातल्या म्हाताऱ्याने त्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. मलाही दिला. मी खाल्ला.

मिक्सर सुरू झाला तो दिवस मावळेपर्यंत थांबला नाही. मी लांब उभा राहणार होतो. पण व्हायब्रेटर धरणारा एकाच जागी धरून बसला होता, ते मला बघवेना. मग यंत्र मीच हातात घेतलं, आणि माझा पायजमा ग्रीसवरच थांबला नाही.

जेवायला सासऱ्यांनी दोन पाट शेजारी मांडले होते. सासूबाईंनी मला ओवाळलं. मग त्या निरांजन घेऊन पोराच्या समोर जरा घुटमळल्या, आणि त्याला नुसतेच धोंडे वाढले. दिवे फक्त माझ्या ताटात होते. याची मी नोंद घेतली. सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने विचारलं, "पुलाचं कुठवर आलं?"

"चालू हाये," पोरगं म्हणालं.

"चालू आहे," मीही म्हणालो.

सासऱ्यांनी दोघांकडे पाहिलं आणि तूप वाढायला सांगितलं.

पूल त्या पावसाळ्याच्या आत झाला. मला त्याचा फायदा काही नाही. फलकावर ठेकेदार म्हणून त्या पोराचं नाव आहे. ते मी वाचलं, बरोबर लिहिलंय. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की पूल आमच्या जवायाच्या मशीनने बसला आहे. त्यांना आवरणं माझ्या हातात नाही. आणि माझं पुढचं टेंडर त्या पोरानेच हुकवलं, तेव्हा मात्र मी त्याला फोन करून भरपूर शिव्या दिल्या. तो "हाव, भाऊ, हाव, भाऊ" करत राहिला.

श्रावणात आम्ही गावाला निघालो तेव्हा नाला दोन्ही काठ धरून वाहत होता, त्या पाहण्याच्या दिवशी होता तसाच. बायको म्हणाली, थांबवा. मी पुलाच्या अलीकडे जीप उभी केली. ती उतरली. पदर डोक्यावर घेतला आणि सावकाश पलीकडे चालत गेली. तिकडे थोडा वेळ उभी राहिली. मग परत आली, माझ्यापाशी न थांबता वळली आणि पुन्हा पलीकडे गेली. मेव्हण्याची मुलगी दप्तर घेऊन सायकलवरून तिच्या शेजारून गेली, तिला हाक मारून गेली, थांबली नाही. तिला उशीर झाला असेल.

बायको येऊन जीपमध्ये बसली. मी विचारलं, "काय झालं?"

"काई नाई," ती म्हणाली. "शाळेत जाऊन आली."

मी जीप चालू केली. पुलावर ती सावकाश घेतली, मागून एकाने हॉर्न वाजवला तरी.